जमीन कोणाची? दक्षिण मालीतील दून लोकांचे जीवन आणि श्रद्धा

श्रोतेहो, पश्चिम आफ्रिकेतील माली या देशाचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांसमोर सहाराचे वाळवंट, उंटांचे तांडे आणि तिंबक्तूच्या मातीच्या मशिदी उभ्या राहतात. मी आज ज्या मालीविषयी बोलणार आहे, तो हिरवा आहे. देशाच्या आग्नेय कोपऱ्यात सिकासो नावाचा प्रांत आहे. तेथे मे-जूनमध्ये पाऊस सुरू होतो, ऑक्टोबरपर्यंत टिकतो आणि वर्षाला साधारण हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून थोडा अधिक पडतो. आंबा, बटाटा, मका, ज्वारी, भात आणि कापूस पिकवणारा हा मुलूख सगळ्या मालीचे धान्यकोठार मानला जातो. या प्रांतात, बुर्किना फासोच्या सीमेकडच्या भागात, दून लोकांची गावे आहेत.

दून हा लहान समाज आहे. बाहेरचे लोक त्यांना ‘सामोगो’ म्हणतात, पण त्या एका नावाखाली दून, जून, बांका, साम्ब्ला असे अनेक छोटे समाज येतात आणि प्रत्येकाची बोली वेगळी आहे. बुर्किना फासोत ‘सामो’ नावाचा आणखी एक समाज आहे. नावातल्या साम्यामुळे पुस्तकांत दोघांची गल्लत होते, पण त्यांचा यांच्याशी जवळचा संबंध नाही. दूनांची भाषा दूनगोमा. ती मांदे भाषाकुळातली, म्हणजे मालीत सर्वत्र चालणाऱ्या बांबारा भाषेची दूरची नातेवाईक, तरी बांबारा बोलणाऱ्याला ती समजत नाही. भोवती सगळीकडे सेनुफो लोकांची वस्ती आहे आणि त्यांच्या भाषा तर वेगळ्याच कुळातल्या आहेत. त्यामुळे घरात दूनगोमा, बाजारात बांबारा किंवा तिचीच बहीण असलेली जुला, आणि शेजारच्या गावी गेल्यावर सेनुफो, अशा दोन-तीन भाषा बोलणारा माणूस तेथे मुळीच दुर्मिळ नाही.

अशा लहान समाजाचे जीवन समजून घ्यायचे तर आरंभ कोठून करावा, हा प्रश्न आहे. बरेच लेखक देवधर्मापासून सुरुवात करतात, मग लग्न, मग अंत्यविधी, आणि शेवटी उरलेल्या जागेत शेतीचा उल्लेख करतात. मला हा क्रम उलटा वाटतो. दून आणि त्यांचे शेजारी यांच्या बहुतेक चालीरीती एका प्रश्नाच्या उत्तरातून उगवलेल्या आहेत आणि तो प्रश्न म्हणजे, ही जमीन कोणाची? श्रद्धा, नाती, स्त्री-पुरुषांचे हक्क, पाहुण्याचे स्वागत, मृताचा सन्मान, या साऱ्यांची मुळे तेथे सापडतात. आज मी जे सांगणार आहे त्यातले पुष्कळसे एकट्या दूनांचे नाही. त्या साऱ्या पट्ट्यातल्या शेतकरी समाजांचे ते सामाईक धन आहे, आणि लहान समाजाने मोठ्या शेजाऱ्यांबरोबर राहून ते जपले आहे.

प्रथम इतिहास थोडक्यात. एकोणिसाव्या शतकात या भागावर केनेदुगू नावाच्या राज्याची सत्ता होती. त्राओरे घराण्याच्या तिएबा राजाने सिकासोला राजधानी वसवली आणि तिच्याभोवती मातीचा प्रचंड तट उभारला. 1887-88 मध्ये सामोरी तुरे या साम्राज्य उभारणाऱ्या योद्ध्याने त्या तटाला वेढा घातला, अनेक महिने तळ दिला, आणि शेवटी त्याला परत फिरावे लागले. तिएबानंतर त्याचा भाऊ बाबेम्बा गादीवर आला. 1 मे 1898 रोजी फ्रेंच तोफांनी सिकासो पडले आणि शरण जाण्यापेक्षा बाबेम्बाने मरण पत्करले. मालीतले शाळकरी मूलही ही कथा सांगते. पण राजांच्या या लढायांची किंमत खेड्यांनी मोजली. धान्य त्यांचे गेले आणि माणसेही त्यांचीच गेली. पुढे फ्रेंचांच्या वसाहतींची हद्द आखली गेली आणि 1960 साली दोन देश स्वतंत्र झाले, तेव्हा तीच हद्द आंतरराष्ट्रीय सीमा बनली. केनेदुगू हे नाव आज सीमेपलीकडे, बुर्किना फासोतल्या एका प्रांताला आहे, आणि राजधानी सिकासो मात्र अलीकडे, मालीत. सामोगो समाजांची गावे दोन्ही बाजूंना विभागली गेली आहेत, पण लग्नाच्या सोयरिकी आणि बाजारहाट त्या रेषेची फारशी पर्वा करत नाहीत.

आता जमिनीकडे येऊ. त्या पट्ट्यातील जुन्या समजुतीनुसार भूमी ही विकण्या-घेण्याची वस्तू नाही. गाव वसवणारा पहिला माणूस रान तोडण्यापूर्वी त्या जागेच्या अदृश्य शक्तींशी करार करतो. एखादे झाड, एखादा खडक, एखादे पाणवठ्याचे ठिकाण त्या कराराची खूण म्हणून राखले जाते आणि तेथे दरवर्षी नैवेद्य द्यावा लागतो. पहिल्याच्या वंशातला सर्वांत वडीलधारा पुरुष हा भूमीचा प्रमुख ठरतो. बांबारात त्याला ‘दुगुकोलोतिगी’ म्हणतात. गावचा राजकीय प्रमुख ‘दुगुतिगी’ हा निराळा असू शकतो. तो कर गोळा करतो, सरकारी अधिकाऱ्याशी बोलतो, भांडणे मिटवतो. राज्ये बदलली की हा प्रमुख बदलू शकतो. भूमीचा प्रमुख मात्र बदलत नाही, कारण त्याचा अधिकार तलवारीतून आलेला नसून करारातून आलेला आहे. केनेदुगूच्या राजांना आणि पुढे फ्रेंचांनाही हे मान्य करावे लागले. जिंकणाऱ्याने माणसांवर राज्य करावे, पण पेरणीपूर्वीचा नैवेद्य जिंकलेल्यांच्या वृद्धाकडूनच घ्यावा, ही त्या मुलखातली विलक्षण शहाणी व्यवस्था आहे, असे मला वाटते.

या भूमिप्रमुखाकडे सातबारा नसतो. कोणत्या भावकीने कोणते रान कोणाच्या आजोबांच्या काळात तोडले, कोणाला कोणत्या अटीवर दिले, हे सगळे त्याला आणि त्याच्यासारख्या दोन-चार वृद्धांना तोंडपाठ असते. परगावचा माणूस जमीन मागायला येतो तेव्हा तो थेट प्रमुखाकडे जात नाही. आधी त्याला गावात एक यजमान धरावा लागतो. हा यजमान त्याच्या वतीने बोलतो, त्याची हमी घेतो. पाहुणा कोलाची, म्हणजे चघळायची कडवट फळे आणि कोंबडा घेऊन येतो. कोंबड्याचा बळी देऊन भूमीला नवा माणूस आल्याचे सांगितले जाते आणि मग त्याला शेत मिळते. भाडे नाही, विक्री नाही. सुगीनंतर थोडे धान्य आदराने द्यायचे, एवढेच. कष्टाळू माणसाला जमीन नाकारणे लाजिरवाणे समजले जाते.

पण एक अट असते आणि तिच्यात साऱ्या व्यवस्थेचे मर्म आहे. उसनी जमीन घेणाऱ्याने तिच्यात झाड लावायचे नाही. ज्वारी लावा, भुईमूग लावा, पिढ्यान्‌पिढ्या पिके घ्या; झाड मात्र नको. पीक एका हंगामाचे असते, झाड माणसाच्या आयुष्यापलीकडे टिकते, आणि ज्याचे झाड त्याची जमीन असा दावा उद्या उभा राहू शकतो. ही अट लक्षात ठेवावी, कारण तिच्यामुळे आज त्या भागात मोठे वाद पेटत आहेत. त्याकडे मी परत येईन.

त्या शेतांत पिकते काय, हे सांगताना महाराष्ट्राचा उल्लेख करणे मला भाग आहे. मालीच्या ईशान्येकडील तिलेम्सी खोऱ्यात सुमारे 4500 वर्षांपूर्वीच्या खापरांमध्ये बाजरीच्या कोंड्याचे अवशेष सापडले आहेत आणि लागवडीखाली आलेल्या बाजरीचा हा जगातील सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक मानला जातो. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात हे धान्य भारतीय उपखंडात पोहोचले. ज्वारीचे मूळ आफ्रिकेच्याच पूर्व भागात, सुदानकडे आहे. नाशिक, नगर, सोलापूरच्या ज्या भाकरीला आपण मराठी मातीचे प्रतीक मानतो, तिचे पीठ अशा रीतीने आफ्रिकेतील अज्ञात शेतकऱ्यांच्या निवडीतून आले आहे. संक्रांतीला बाजरीची भाकरी खाताना त्यांची आठवण ठेवावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दून घरांत ज्वारी, बाजरी किंवा हल्ली बहुधा मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवतात. त्याला ‘तो’ म्हणतात. सगळे एकाच मोठ्या भांड्याभोवती बसून उजव्या हाताने त्याचा घास तोडतात आणि भेंडीच्या किंवा गोरखचिंचेच्या वाळवलेल्या पानांच्या बुळबुळीत कालवणात बुडवतात. कालवणाला चव येते ती ‘सुम्बाला’मुळे. नेरे नावाच्या झाडाच्या बिया उकडून, सोलून, आंबवून त्याचे काळसर गोळे करतात. वास उग्र असतो, आणि त्याच्याशिवाय जेवण जेवणच वाटत नाही. पुण्या-मुंबईच्या बागांत चेंडूसारखी फुले लटकणारे चेंडूफळ आपण पाहतो, ते या नेरेचेच जवळचे नातेवाईक झाड आहे.

घराची रचना आणि शेताची रचना परस्परांशी जुळलेली असते. मातीच्या विटांच्या खोल्या, मधले अंगण, आणि गवताची टोकदार छपरे असलेल्या मातीच्या कणग्या. एका अंगणात म्हातारा कुटुंबप्रमुख, त्याचे धाकटे भाऊ, मुलगे, त्यांच्या बायका आणि मुले राहतात. मोठे सामाईक शेत सगळ्यांनी मिळून कसायचे, त्याचे धान्य प्रमुखाच्या कणगीत जाते आणि पावसाळ्यात, जेव्हा जुने धान्य संपत येते आणि नवे हाती आलेले नसते, तेव्हा त्या कणगीवर घर जगते. याशिवाय प्रत्येक विवाहित स्त्रीला आणि तरुण पुरुषाला एखादा छोटा तुकडा मिळतो. सामाईक शेतावरचे काम आटोपले की संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी तेथे राबायचे. ते उत्पन्न ज्याचे त्याचे. सखल, पाणथळ खोलगट जागांतली भातशेती ही या प्रांतात मुख्यतः स्त्रियांची आहे. बी राखणे, रोप, खुरपणी, कापणी, सगळे त्यांच्या हाती असते. पुस्तकांत ‘आफ्रिकन शेतकरी’ असे पुरुषी चित्र रंगवले जाते, ते या भागापुरते तरी अर्धेच खरे आहे.

स्त्रियांचे दुसरे मोठे क्षेत्र म्हणजे कारिते, ज्याला आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांच्या बाटल्यांवर ‘शिया’ म्हणून ओळखतात. हे झाड कोणी लावत नाही. ते रानात आपोआप उगवते आणि शेतकरी रान तोडताना त्याला मुद्दाम सोडतो, म्हणून शेतात ठरावीक अंतरांवर ही झाडे उभी दिसतात. फळ धरायला त्याला पंधरा-वीस वर्षे लागतात. पावसाच्या आरंभी फळे गळतात. पहाट होण्यापूर्वी बायका आणि मुली पाट्या घेऊन ती वेचायला निघतात. वरचा गर खाल्ला जातो. बिया उकडतात, वाळवतात, फोडतात, आतला मगज भाजतात, कुटतात, दळतात आणि मग तो लगदा पाण्यात हाताने फेसतात. किती तरी वेळ फेसल्यावर पांढरे लोणी वर तरंगते. ते कढवून गाळले की वर्षभर स्वयंपाकाला, अंगाला, दिव्याला, जखमेला तेच. गडचिरोली-चंद्रपूरकडे मोहाच्या बियांचे म्हणजे टोळंबीचे तेल काढणाऱ्या बायकांना ही कृती ऐकून आश्चर्य वाटणार नाही. मोह आणि कारिते ही एकाच वनस्पतीकुळातली झाडे आहेत.

येथे एक कटू वस्तुस्थिती सांगितली पाहिजे. सिकासो हा मालीतला सर्वांत सुपीक प्रांत, आणि तरीही तेथील लहान मुलांमध्ये कुपोषणाचे प्रमाण दीर्घकाळ मोठे राहिले आहे. अभ्यासक याला ‘सिकासोचा विरोधाभास’ म्हणतात. कारणे अनेक सांगितली जातात. धान्य भरपूर असले तरी मुलांच्या ताटात विविधता नसते; हिवताप आणि अस्वच्छ पाणी खाल्लेले अंगी लागू देत नाहीत; आणि कापूस आल्यापासून स्त्रियांचे श्रम त्याच्या खुरपणी-वेचणीत जातात, पैसा मात्र कुटुंबप्रमुखाच्या हाती येतो. कणगी भरलेली असणे आणि मूल पोसलेले असणे यांच्यामध्ये घरातला अधिकार उभा असतो, हे या आकड्यांमागचे सत्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

कापसाचे अर्थकारण तेथे एका कंपनीभोवती फिरते. 1974 साली स्थापन झालेली मालीची वस्त्रोद्योग विकास कंपनी बी, खत, औषधे उधार देते आणि हंगामाअखेर गावात येऊन कापूस मोजून नेते. कापसासाठी टाकलेल्या खताचा उरलेला अंश पुढच्या वर्षी मक्याला मिळतो, म्हणून शेतकरी तोटा सोसूनही कापूस सोडत नाही. 2003 साली माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड या चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार मांडली की अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानामुळे जगातले भाव पडतात आणि आमचा शेतकरी बुडतो. त्याच काळात विदर्भातला शेतकरी त्याच पडलेल्या भावांच्या ओझ्याखाली होता. यवतमाळ आणि सिकासो एकमेकांना ओळखत नव्हते, तरी एकाच बाजाराने दोघांना गाठले होते.

कष्टाच्या कामाला संगीताची साथ हा त्या मुलखाचा मोठा ठेवा आहे. गावातले तरुण मंडळ करून पाळीपाळीने एकेकाच्या शेतावर जातात, आखूड दांड्याच्या कुदळी घेऊन ओळीने वाकतात आणि मागे बालाफोन वाजतो. बालाफोन म्हणजे लाकडी पट्ट्यांखाली भोपळे बांधलेले वाद्य. सेनुफोंच्या बालाफोन परंपरेची 2012 साली माली, बुर्किना फासो आणि आयव्हरी कोस्ट या तीन देशांच्या नावे युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली आहे. पण सामोगो समाजांपैकी बुर्किना फासोतील साम्ब्ला लोकांचा बालाफोन त्याहूनही विशेष आहे, कारण तो बोलतो. एका वाद्यावर तिघे वादक बसतात. दोघे ताल आणि पाया धरतात आणि तिसरा बोलतो. साम्ब्लांच्या भाषेत स्वराच्या उंचीच्या चार पातळ्या आहेत आणि बहुतेक शब्द एकाक्षरी असल्यामुळे अर्थ फार मोठ्या प्रमाणावर त्या उंचीवर अवलंबून असतो. वादक शब्दाची उंची पट्टीवर उतरवतो आणि ऐकणाऱ्याला वाक्य कळते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लॉरा मॅकफर्सन यांनी या वाद्यभाषेचे व्याकरण बारकाईने अभ्यासले आहे. शेतात मागे पडलेल्या तरुणाला वादक नाव घेऊन हाक मारतो, त्याच्या बापाची आठवण करून देतो. समारंभात आलेल्या पाहुण्याचे स्वागत करतो. पाहुणा तोंडी उत्तर देतो आणि पुढे होऊन पैसे ठेवतो. शेजारी बसलेल्या परक्याला मात्र केवळ सुंदर चाल ऐकू येते.

सामाजिक रचनेत लोहारांचे स्थान निराळे आहे. मांदे समाजांत लोहार हा वंशपरंपरेने लोहार असतो, शेतकरी कुळांशी त्याचे लग्न होत नाही, त्याची बायको मडकी घडवते. मातीतले लोखंड आगीत वितळवणारा माणूस भूमीच्या शक्तींच्या जवळचा मानला जातो. त्यामुळे कुदळ त्याच्याकडून येते, भांडणात मध्यस्थी तोच करतो, आणि मुलांची सुंता करण्याचे कामही परंपरेने त्याचेच. मुलींवर होणाऱ्या जननेंद्रिय-छेदनाचा उल्लेख टाळून पुढे जाणे मला अप्रामाणिक वाटते. 2018 च्या आरोग्य पाहणीत मालीतील 15 ते 49 वयोगटातल्या दर दहा स्त्रियांपैकी सुमारे नऊ जणींवर हा विधी झालेला आढळला. बुर्किना फासोने 1996 साली त्यावर कायद्याने बंदी आणली. मालीत दीर्घकाळ तसा कायदा झाला नाही, आणि सीमा इतकी जवळ असल्यामुळे मुलींना अलीकडे आणून विधी उरकण्याचे प्रकारही झाले. परंपरेविषयी आदराने बोलणाऱ्या माणसानेही याला क्रौर्यच म्हटले पाहिजे.

लग्नाची बोलणी कोलाच्या फळांनी सुरू होतात. मुलाकडचे मध्यस्थ दहा कोला घेऊन येतात. मुलीकडच्यांनी ते स्वीकारून वाटले की शब्द झाला. कोलाचे झाड दक्षिणेकडच्या जंगलांत वाढते, आणि उत्तरेकडे जाणारा त्याचा व्यापार सिकासोवरून चाले. जुन्या रीतीत पैशापेक्षा श्रमाला अधिक मान होता. होणारा जावई आपल्या मित्रांची टोळी घेऊन दर पावसाळ्यात सासऱ्याच्या शेतावर कुदळ मारायला जाई, आणि मुलीच्या घरचे तेव्हाच मुलगा कसा आहे हे पारखून घेत. आज तरुण आयव्हरी कोस्टच्या कोको आणि कॉफीच्या मळ्यांत पैसे कमावायला जातात आणि श्रमाच्या जागी रोकड येते.

आडनावांतले थट्टेचे नाते तर त्या समाजांचे भूषण आहे. त्राओरे, कुलिबाली, कोने, जारा अशी आडनावे साऱ्या पट्ट्यात पसरलेली आहेत आणि काही जोड्यांमध्ये एकमेकांची यथेच्छ खिल्ली उडवण्याचा हक्क परंपरेने ठरलेला आहे. अनोळखी गावात, पोलिस चौकीवर, सरकारी कचेरीत एकाने दुसऱ्याला ‘तू चवळी खाणारा’ म्हटले की ताण निवळतो. राग येऊ द्यायचा नाही, हा नियम. हाच हक्क असलेला माणूस गंभीर भांडणात मध्ये पडला तर त्याला नाही म्हणता येत नाही. अनेक भाषांचे, अनेक कुळांचे लोक एकाच जमिनीवर राहताना हा केवळ विनोद राहत नाही, ती शांतता राखण्याची यंत्रणा होते.

आता श्रद्धा. सिकासो प्रांतात आज इस्लाम हा मुख्य धर्म आहे. गावोगावी मातीच्या किंवा सिमेंटच्या मशिदी आहेत, रमजान पाळला जातो, मुलांची नावे मामादू, अमिनाता अशी असतात. काही ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. इस्लाम येथे प्रथम जुला व्यापाऱ्यांबरोबर आला आणि मोठ्या प्रमाणावर स्वीकार विसाव्या शतकात झाला. पण जमिनीशी झालेला जुना करार मोडला गेला नाही, कारण तो मोडायचा अधिकार आपल्याला नाही अशी भावना असते. आकाशातील निर्माता सर्वश्रेष्ठ आहे, यावर जुन्या आणि नव्या दोन्ही श्रद्धांचे एकमत आहे. तो दूर असतो. जवळ असतात ते पूर्वज, झरे आणि रान राखणाऱ्या शक्ती. पेरणीपूर्वी राखीव राईत कोंबड्याचा बळी दिला जातो आणि तो फडफडून कोणत्या अंगावर शांत होतो ते सगळे पाहतात. उताणा पडला तर स्वीकारला, पालथा पडला तर कुठे तरी कोणी काही लपवले आहे, आणि ते उघड होईपर्यंत पुढे जायचे नाही. शिकारी लोकांचे बंधुमंडळ, ज्यांना डोंसो म्हणतात, ते मातीच्या रंगाचे, ताईत शिवलेले सदरे घालतात, आणि औषधी मुळ्यांचे ज्ञान त्यांच्याकडे असते.

सिकासोजवळ मिसिरिकोरो नावाचा खडकाचा उंच सुळका आहे. त्याच्या पोटातल्या गुहेत मुसलमान नमाज पढतात आणि त्याच खडकाशी जुन्या श्रद्धेचे लोक बळी अर्पण करतात. याला धर्मांची सरमिसळ म्हणून हिणवणारे दोन्ही बाजूंना आहेत. मला त्यात विसंगती दिसत नाही. नमाज निर्मात्यासाठी असते, बळी त्या जागेसाठी असतो, आणि जागा अगोदरपासून तेथे आहे.

मृत्यूनंतर दफन लवकर होते, पण वृद्धाचा मोठा उत्तरविधी जुन्या रीतीने कोरड्या हंगामात, सुगी कणगीत पडल्यावर केला जातो, कारण तेव्हाच पाहुण्यांना पोटभर खाऊ घालता येते. नातवंडे-पतवंडे पाहून गेलेल्या माणसासाठी रडत नाहीत, नाचतात. बालाफोन त्याच्या पूर्वजांची नावे वाजवतो. तो आता त्या जमिनीच्या खऱ्या मालकांत जाऊन बसलेला असतो. जिवंत माणसे फक्त तिची वहिवाट करतात.

आणि नेमक्या या कल्पनेवर आज सर्वांत मोठा ताण आला आहे. सिकासो आणि सीमेपलीकडचे ओरोदारा हे आंब्याचे प्रसिद्ध प्रदेश आहेत. आंबा युरोपला जातो, काजूच्या बागा वाढत आहेत. बाग म्हणजे झाडे, आणि झाडे म्हणजे मालकीचा दावा. शहरातले नोकरदार आणि व्यापारी गावच्या जमिनी विकत घेऊन तेथे बागा लावतात. तीन पिढ्या उसन्या जमिनीवर कष्ट केलेल्या कुटुंबाला अचानक सांगितले जाते की तुम्ही पाहुणे आहात. स्त्रीला तर माहेरी आणि सासरी दोन्हीकडे जमीन उसनीच, म्हणून झाड लावायचा हक्क तिला बहुधा नसतोच. जिच्या हातून वर्षानुवर्षे कारितेचे लोणी निघाले, तिच्या नावे एकही झाड नाही. 2017 साली मालीने शेतजमिनीचा नवा कायदा केला. त्याने वहिवाटीच्या हक्कांना मान्यता दिली, गावोगाव जमीन आयोग नेमण्याची तरतूद केली आणि सरकारने विकसित केलेल्या जमिनीपैकी 15 टक्के स्त्रिया आणि तरुणांच्या गटांना द्यावी असे म्हटले. कायदा चांगला आहे. तो गावापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर मात्र 2012 पासून चाललेला सशस्त्र संघर्ष उभा आहे, जो उत्तरेकडून सरकत या दक्षिण सीमेपर्यंत आला आहे.

भाषेचा प्रश्नही याच ठिकाणी येऊन मिळतो. 2023 च्या राज्यघटनेने मालीत फ्रेंचचा राजभाषेचा मान काढून घेतला आणि तेरा राष्ट्रीय भाषांना तो दिला. फ्रेंच कामकाजाची भाषा म्हणून उरली. त्या तेरांत बांबारा आहे, शेजारच्या सेनुफोंची आणि मिन्यांका लोकांची भाषा आहे. दूनगोमा नाही. दून गावातला वृद्ध जमीन आयोगापुढे साक्ष देईल तेव्हा कोणाच्या आजोबांनी कोणते रान तोडले आणि कोणाला कोणत्या अटीवर दिले, हे तो दूनगोमात सांगेल, कारण ते त्याला त्याच भाषेत पाठ आहे. कोणी तरी ते बांबारात सांगेल आणि कागदावर ते फ्रेंचमध्ये उतरेल. त्या कागदावर सही करण्यापूर्वी तो दूनगोमात वाचून दाखवला गेला पाहिजे, एवढी किमान मागणी त्या गावांनी करावी आणि सरकारने ती मान्य करावी, असे माझे ठाम मत आहे.